पंधरा वर्षांची गाडी भंगारातच जाते का?

‘गाडीला पंधरा वर्षं झाली की पुण्यात ती चालवता येत नाही, भंगारात द्यावीच लागते.’ हे इतक्यांदा ऐकू येतं, की धडधाकट गाड्या लोक घाईघाईने मातीमोल विकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे खरं नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षं असते. म्हणजे संपते ती नोंदणी, गाडीचं आयुष्य नव्हे. मुदत संपण्याआधी आरटीओत नमुना २५ चा अर्ज करायचा, शुल्क आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर भरायचा, गाडी तपासणीला न्यायची. निरीक्षक गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक आरसीशी ताडून पाहतात; म्हणून त्यावरचा गंज आधीच हलक्या हाताने साफ करून ठेवा, आकडे वाचता आले पाहिजेत. ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर ठीक हवेत. विमा आणि पीयूसी चालू हवं. गाडी पास झाली की नोंदणी पाच वर्षं वाढते, आणि पुढेही दर पाच वर्षांनी वाढवता येते.

मग हा समज आला कुठून? मुख्यतः दिल्लीतून. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी दिल्ली परिसरात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. एमएच-१२ च्या गाडीला पुण्यात तो नियम लागू नाही. सरकारी गाड्यांची पंधरा वर्षांनंतर नोंदणी रद्द होते, हे २०२३ पासून खरं आहे, पण ते फक्त सरकारी गाड्यांपुरतं.