मुखवट्याआड कोणीच नसेल तर?

‘स्कूबी-डू’ या कार्टून मालिकेतल्या शॅगीचं पाळण्यातलं नाव काय? नॉरव्हिल रॉजर्स. स्कूबी-डू हे नाव कुठून आलं? फ्रँक सिनात्रा एका गाण्याच्या शेवटी ‘डू-बी-डू-बी-डू’ गुणगुणतो, तिथून. पहिला भाग कधी लागला? १३ सप्टेंबर १९६९, शनिवार सकाळ, अमेरिकेची सीबीएस वाहिनी. पुण्यात नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून बघत वाढलेली मंडळी एखाद्या अमृततुल्यासमोर जमली की असे प्रश्न चहा यायच्या आत संपतात. खरी मजा त्यानंतर सुरू होते. कारण मग कोणीतरी विचारतो, “पण काय रे, स्कूबीला वास कसा आला नाही?”

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार तरुण (फ्रेड, डॅफ्नी, शॅगी आणि कोडं सोडवणारी, पण चष्मा सतत हरवणारी व्हेल्मा), बिस्किटांसाठी काहीही करणारा भित्रा कुत्रा स्कूबी आणि एक रंगीबेरंगी गाडी. जातील तिथे भूत निघतं. पळापळ होते, सापळा लागतो, भूत पकडलं जातं आणि शेवटी त्याचा मुखवटा ओढला की आत गावातलाच कोणीतरी सभ्य गृहस्थ. हॅना-बार्बेरा स्टुडिओच्या या मालिकेचे मूळ भाग फक्त २५. पुढे मात्र तिचे इतके अवतार निघाले की चाहत्यांना आजही चघळायला विषय कमी पडत नाही.

आता वासाचा प्रश्न. स्कूबी ग्रेट डेन आहे. चित्रकार इवाओ ताकामोतो यांनी स्टुडिओतल्या एका ग्रेट डेन पाळणाऱ्या बाईंकडून जातिवंत कुत्र्याची लक्षणं समजून घेतली आणि मुद्दाम नेमकी उलटी काढली. पाठ सरळ हवी, तर यांनी ती उतरती केली. पाय सरळ हवेत, ते वाकडे केले. हनुवटी लहान हवी, ती मोठी केली. नाकाला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि गोची तिथेच आहे. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी जातीनुसार दहा कोटींपासून वीस-तीस कोटींपर्यंत असतात. आपल्याकडे साठ लाखांच्या आसपास. शिवाय आत शिरलेल्या हवेचे तिथे दोन भाग पडतात: मोठा भाग फुप्फुसाकडे जातो आणि थोडी हवा वेगळ्या वाटेने थेट गंधाच्या कप्प्यात जाऊन रेंगाळते. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही.

माणसाचा वास म्हणजे घाम, कातडीचे झडणारे कण आणि त्यांवर जगणारे जिवाणू यांचं मिश्रण. रबरी मुखवटा आणि जाड झगा चढवून धावणाऱ्या माणसाला घाम जास्तच येणार. २०११ साली झेक संशोधकांनी पोलिसांच्या कामासाठी तयार केलेल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांना एकसारख्या जुळ्यांचे वास दिले. एकाच घरात राहून एकच अन्न खाणारी जुळी भावंडंही त्या कुत्र्यांनी वेगळी ओळखली. तेव्हा दुपारी हॉटेलच्या काउंटरवर भेटलेले काका रात्री भूत होऊन आले, तर स्कूबीला ते पहिल्या मिनिटाला कळायला हवं. म्हणजे व्हेल्माचा चष्मा हरवण्याचीही गरज नाही. माझं मत विचाराल तर स्कूबीला सगळं कळत असतं. पण गुन्हेगार लगेच दाखवून दिला तर बिस्किटं कोण देणार?

दुसरा लाडका वाद कॅप्टन कटलरच्या भुताचा. हे अगदी सुरुवातीच्या भागांतलं भूत: जुन्या पद्धतीचा पाणबुड्याचा पोशाख, त्यावर लगडलेलं चमकणारं समुद्रशैवाल, आणि उद्योग बोटी पळवण्याचा. कट्ट्यावरचे शंकेखोर म्हणतात की शैवाल असं चमकत नसतं. ते निम्मे बरोबर आहेत. हाताने उचलून अंगावर पांघरता येईल असं मोठं समुद्रशैवाल स्वतः उजेड पाडत नाही. समुद्रात चमकतात ते सूक्ष्म एकपेशीय जीव, उदाहरणार्थ नॉक्टिलुका. कोकणच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत कधीकधी रात्री फुटणाऱ्या लाटेची कड निळी उजळते, ती यांच्यामुळे. पाणी ढवळलं की पेशीवर ताण येतो, आतली रासायनिक क्रिया सुरू होते आणि सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागापुरता प्रकाश पडतो. हे जीव थापलेला पोशाख घालून कटलर किनाऱ्यावर आला असता, तर हलला की लुकलुकला असता, थांबला की विझला असता आणि पोशाख वाळल्यावर उरला असता फक्त मासळीचा वास.

सलग, न विझणारी हिरवी चमक हवी असेल तर समुद्र सोडून आपल्याच जिल्ह्यात यावं लागेल. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात काही रात्री ओल्या, कुजक्या फांद्या मंद हिरव्या दिसतात. लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशींचे तंतू तिथे उजळलेले असतात. त्यांना ढवळावं लागत नाही. ओल आणि प्राणवायू असेपर्यंत त्यांचा प्रकाश चालू राहतो, दिवसाही. फक्त तेव्हा तो आपल्याला दिसत नाही. आणि रात्री तो पाहायचा तर विजेरी बंद करून वीसेक मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. मोबाइलचा पडदा एकदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून. अशा फांदीचा तुकडा कोटाला टाचला, तर कटलरचं काम एखादी रात्र तरी निभावेल. मात्र फांदी उचलून आणू नये. ते अभयारण्य आहे.

चमकणाऱ्या रंगाचा उपाय सोपा, पण १९६९ साली त्यालाही मर्यादा होत्या. तेव्हाचा नेहमीचा पदार्थ म्हणजे तांब्याचा अंश मिसळलेलं झिंक सल्फाइड. त्यावर आधी चांगला उजेड पाडावा लागतो आणि नंतर त्याची चमक मिनिटामिनिटाला उतरत जाते. रात्रभर टिकणारा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट नव्वदच्या दशकात आला. म्हणजे जुन्या भागांतल्या भुतांना दर थोड्या वेळाने ट्यूबलाइटखाली जाऊन उभं राहावं लागलं असतं.

हवेत तरंगणारी अर्धपारदर्शक भुतं मात्र खरोखर जमतात. २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर तिरपी काच उभी केली. खाली लपलेल्या नटावर झगझगीत उजेड टाकला आणि त्याचं प्रतिबिंब प्रेक्षकांना मंचावर चालताना दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची, नाव झालं पेपर यांचं. साधी काच तिच्यावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी आठेक टक्के परत पाठवते. दिवसा हे लक्षात येत नाही, कारण पलीकडून येणारा उजेड कितीतरी जास्त असतो. रात्री घाटातून एसटीने येताना खिडकीबाहेर दरीवर तरंगणारा आपला चेहरा दिसतो, तो याच आठ टक्क्यांचा.

इथवर सगळं मालिकेच्या बाजूचं. साधनं खरी, आणि हेतू तर त्याहून खरे. मुखवट्यामागच्या माणसाला बहुतेक वेळा जमीन, इमारत किंवा दडवलेला माल हवा असतो आणि भूत हे जागा रिकामी करून घेण्याचं साधन असतं. पेठेतल्या जुन्या वाड्यात तीन पिढ्या भाडेकरू म्हणून काढलेल्या माणसाला यात काडीचीही अतिशयोक्ती वाटत नाही.

ऐंशीच्या दशकातल्या काही अवतारांत खरी भुतं येऊन गेली होती, पण १९९८ साली फ्रँचायझीने स्वतःचाच नियम ठळकपणे मोडला. त्या वर्षीच्या व्हिडिओपटात बेटावरचे झोंबी खरे निघाले. फ्रेड मुखवटा ओढायला गेला तर मुंडकंच हातात आलं. यावरून चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो भूत म्हणजे माणूसच असला पाहिजे, दुसरा म्हणतो कधीतरी खरं भूतही येऊ द्या. मला वाटतं, दोन्ही तट एकच चूक करतात. दोघांनाही भुताच्या आत कोणीतरी हवं आहे. प्रत्यक्षात लोकांना येणाऱ्या अनुभवांत बहुतेक वेळा आत कोणीच नसतं. फसवणारा नसतो आणि पिशाच्चही नसतं. मालिकेने आम्हाला दुसऱ्यावर संशय घ्यायला छान शिकवलं. स्वतःच्या डोळ्या-कानांवर संशय घ्यायचा धडा तिने कधी दिला नाही.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीचे विक टँडी वैद्यकीय उपकरणांच्या एका प्रयोगशाळेत काम करत. तिथे भूत आहे अशी बोलवा होती. एका रात्री एकटे असताना त्यांना घाम फुटला, नजरेच्या कडेला करडी आकृती जाणवली आणि वळून पाहिलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीची तलवार दुरुस्तीसाठी शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळली, तर पातं आपोआप थरथरू लागलं. बहुतेकांनी इथे पळ काढला असता. टँडींनी तलवार खोलीभर फिरवून पाहिली. मधोमध थरथर सर्वांत जास्त, भिंतींशी थांबलेली. कारण निघालं नव्याने बसवलेल्या हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यात. त्यातून सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा ध्वनी निघत होता. आपले कान साधारण २०च्या खालचं ऐकत नाहीत. हिशेबही जुळतो: ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले १९, म्हणजे तरंगलांबी १८ मीटर आणि तिची निम्मी ९ मीटर. खोली जवळपास तेवढीच लांब होती, त्यामुळे लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहिली. पंख्याची बैठक बदलल्यावर भूत गेलं. हा शोधनिबंध १९९८चा, म्हणजे त्या झोंबीपटाच्याच वर्षातला.

गोष्ट इतकी सुबक आहे की ‘भूत म्हणजे १९ हर्ट्झ’ असं लोक छातीठोकपणे सांगू लागले. तसं नाही. २००९ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातल्या संशोधकांनी एक रिकामी खोली बांधली, तिच्यात असा न ऐकू येणारा ध्वनी आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडलं आणि लोकांना एकेक करून आत पाठवलं. विचित्र वाटू शकेल, एवढं सगळ्यांना आधी सांगितलं होतं. बऱ्याच जणांना तसं वाटलंही. पण यंत्रं चालू होती की बंद, याच्याशी त्याचा संबंध सापडला नाही. ज्यांच्यावर सूचनेचा परिणाम लवकर होतो, त्यांना जास्त जाणवलं असावं, असा निष्कर्ष निघाला.

शनिवारवाड्याकडे या नजरेने पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला, हा इतिहास. पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं, ही दंतकथा. १८२८च्या आगीनंतर आत मुख्यतः जोती उरली आहेत. बाहेर रस्त्यावर वाहनांचा अखंड गोंगाट असतो आणि तो तटाच्या भिंतींवर आपटून अस्पष्ट होत आत येतो. आता नेदरलँड्समधला २००१चा प्रयोग: विद्यार्थ्यांना नुसती खरखर ऐकवली आणि सांगितलं की यात मध्येच एक ओळखीचं नाताळचं गाणं येऊ शकेल, आलं की बटण दाबा. गाणं त्यात नव्हतंच. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांनी बटण दाबलं. तेही दिवसाढवळ्या आणि खुनाची गोष्ट न ऐकता. शनिवारवाड्याला जाणाऱ्या प्रत्येक पुणेकराला तर नेमके कोणते तीन शब्द ऐकू येणार, हे लहानपणापासून पाठ असतं.

कधी मात्र आत कोणी नसूनही धोका असतो. १९२१ साली अमेरिकेत नेत्ररोगांच्या एका नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापून आली. नव्या घरात गेल्यापासून पावलांचे आवाज, अंथरुणाशी उभ्या आकृत्या, डोकेदुखी, मरगळ, कोमेजणारी झाडं. कारण निघालं बिघडलेल्या भट्टीत. तिचा धूर घरातच पसरत होता आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड होता. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि त्याला ना रंग ना वास. खिडकी बंद करून लावलेला गॅस गिझर किंवा थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी हाच वायू तयार करू शकते. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं जड होत असेल, तर मांत्रिक आणि व्हेल्मा दोघांच्याही आधी खिडकी उघडावी.

आत कोणी नसलेल्या गोष्टीची तपासणी कशी करायची, याचा एक उत्तम नमुना पुण्यातच आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं अशा दोनशे जणांच्या कुंडल्या. कोणती कुंडली कोणाची, हे सांकेतिक क्रमांकांमागे दडवलेलं. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि हुशार की मतिमंद, एवढंच सांगायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं दिली. त्यांनी लबाडी केली, असं कोणी म्हणालं नाही आणि तसं समजण्याचं कारणही नव्हतं. तेही आपल्या विद्येवर विश्वास ठेवूनच बसले होते. नाणं उडवलं तरी चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर यायला हवेत. त्यांची सरासरी आली १८.४, म्हणजे ४६ टक्के. सर्वांत चांगल्या निकालात २४ बरोबर होते. सत्तावीस माणसांनी चाळीस-चाळीस वेळा नाणं उडवलं तरी त्यांतला सर्वांत नशीबवान माणूस पंचवीस-सव्वीसपर्यंत सहज पोचतो. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या मागवून घेतल्या होत्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली.