ट्रिकसीनमुळे गोष्ट मरते?

इफ्फीचे, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे दिवस आले की पणजीत कुणीतरी ऐकवतंच, ‘इफेक्ट्स आले नि सिनेमातली गोष्ट मेली.’ पण आधी गोष्ट, मग करामत असा क्रम कधी नव्हताच. फाळक्यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाला नागाशी झुंजवलं, तेव्हा आपल्याकडे बोलपटही आला नव्हता. (त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला मात्र ते कृष्ण झालेल्या आपल्या छोट्या मुलीच्या, मंदाकिनीच्या नुसत्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून बसतात.)

‘जुरासिक पार्क’ (१९९३) घ्या. दोन तासांहून मोठ्या चित्रपटात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. टी-रेक्स येण्याआधी गाडीतल्या ग्लासातलं पाणी थरथरतं. ती वलयं उठवली होती डॅशबोर्डखालच्या गिटारच्या तारेनं, आणि आपली पाचावर धारण बसते ती तिथेच.

मग काही भव्य चित्रपट पोकळ का वाटतात? बरेचदा प्रदर्शनाची तारीख आधी ठरते, पटकथा मागाहून ठिगळं लावत पुरी होते. खापर फुटतं संगणकावर. पेडण्यातला दशावताराचा प्रेक्षक जास्त चोखंदळ: रंगमंचावरच्या ट्रिकसीनला टाळ्या देईल, पण संवाद रटाळ झाले की सरळ उठून जत्रेच्या फेरीत खाजं घ्यायला जाईल.