लाबुशेन, लाबुस्काख्नी, राबुसुकाफुनी

१८ ऑगस्ट २०१९, रविवारची संध्याकाळ. लॉर्ड्स कसोटीच्या पाचव्या दिवशी डोक्याला मार बसलेल्या फलंदाजाच्या जागी ऑस्ट्रेलियाने बदली खेळाडू उतरवला. कसोटी क्रिकेटमध्ये असा बदली खेळाडू पहिल्यांदाच येत होता, त्यामुळे बातमी पहिल्या पानावर जाणार हे ठरलेलंच होतं. अडलं ते आडनावापाशी. इंग्रजी बातमीत अकरा अक्षरं होती: एल, ए, बी, यू, एस, सी, एच, ए, जी, एन, ई. मी ‘लाबुशाग्ने’ लिहिलं. शेजारच्या सहकाऱ्याने ‘लॅबुशेन’ केलं. मुद्रितशोधकाने दोन्हींखाली लाल रेघ ओढली आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला. समालोचक म्हणाला तसं आम्ही छापलं. ‘लाबुशेन’ आमच्या पानावर आला तो असा, आणि नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या फायनलमध्ये ११० चेंडूंत नाबाद ५८ काढून त्याने आपल्या जिवाला घोर लावला तोवर ते रूप सगळीकडे रुळून गेलं होतं.

आडनाव फ्रेंच वळणाचं, माणूस जन्माने दक्षिण आफ्रिकेतल्या क्लर्क्सडॉर्पचा आणि खेळतो ऑस्ट्रेलियासाठी. या तिन्ही गोष्टी एका नावात कशा आल्या, हे तेव्हापासून मी जमेल तसं शोधत आलो.

फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांचा, म्हणजे ह्युगनॉटांचा छळ, १६८५ मध्ये त्यांच्या संरक्षणाचा काढून घेतलेला हुकूम, हॉलंडकडे झालेलं पलायन हे शाळेच्या पुस्तकातलं आहे. त्यातले सुमारे दोनशे जण १६८८-८९ च्या सुमारास डच व्यापारी कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला उतरले. कंपनीला द्राक्षमळे आणि गहू पिकवणारे हात हवे होते. निर्वासितांना जमिनी मिळाल्या त्या ड्राकेनस्टाइनच्या खोऱ्यात आणि आज फ्रान्सहूक, म्हणजे ‘फ्रेंच कोपरा’, म्हणतात त्या भागात. पण सलग नाही. गव्हर्नरने फ्रेंच आणि डच शेतं मुद्दाम एकाआड एक वाटली. वेगळं चर्च मागायला गेलेल्या फ्रेंचांवर तो आधी भडकला. चर्च मिळालं, पण मळे मात्र विखुरलेलेच राहिले.

यानंतरचा १७०१ चा निर्णय मला या सगळ्या इतिहासाचा कणा वाटतो. फ्रेंच पाद्री परत जायला निघाला होता आणि त्याच्या जागी दुसरा पाठवायचा होता. हॉलंडमध्ये बसलेल्या कंपनीच्या संचालकांनी कळवलं की नव्या पाद्रीला फ्रेंच यावं, पण उपासना डचमध्ये चालवावी आणि शाळेत मुलांना फक्त डच लिहायला-वाचायला शिकवावं. गावकऱ्यांनी अर्ज केले, तेव्हा डच न समजणाऱ्या थोरांसाठी थोडी सवलत मिळाली. मुलांसाठी नाही.

या निर्णयाबद्दल अभ्यासकांत दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की इतकी मूठभर माणसं, तीही डचांमध्ये मिसळून राहणारी, लग्नं आपसांत आणि शेजाऱ्यांत होणारी. हुकूम निघाला नसता तरी भाषा गेलीच असती. कागदोपत्री हे पटतं. तरीही माझं मन दुसऱ्या बाजूकडे झुकतं. घरात बोलली जाणारी भाषा गरिबीतही टिकते, पण मुलाला तिची अक्षरं ओळखता आली नाहीत की ती एका पिढीत परकी होते. परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांची मराठी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. १७५१ ते १७५३ या काळात एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ तारे मोजायला केपला राहिला होता. फ्रेंच बोलणारी वंशज मंडळी त्याला भेटली ती म्हातारी. चाळिशीच्या आतलं कुणी फ्रेंच बोलत नव्हतं. पहिल्या जहाजांपासून हिशेब केला तर हे पासष्ट वर्षांत घडलं.

भाषा गेली आणि नावं तेवढी उरली. ती लिहून घेणारा कारकून मात्र आता डच होता.

लाबुशेनच्या आडनावाचा मूळपुरुष केपला आला तो पहिल्या लाटेनंतर, १७१० च्या आसपास, म्हणजे १७०१ चा हुकूम होऊन गेल्यावर. म्हणून काही वंशावळीकार त्याला ह्युगनॉट म्हणायचं की नाही यावर अडतात. तो फ्रेंच होता, प्रॉटेस्टंट समाजात लग्न करून राहिला, पण निर्वासितांच्या जहाजात नव्हता. याद्या करणारे त्याला कधी आत घेतात, कधी पुरवणीत टाकतात. ‘ह्युगनॉट आडनाव’ या शब्दाने किती गोंधळ होतो, याचं हे चांगलं उदाहरण. धर्मापायी देश सोडलेले, फ्रेंच बोलणारे आणि फ्रेंच नावाचे या तीन गटांना आपण एकच शब्द लावतो. केप भागातल्या मिश्रवर्णीय कुटुंबांतही फ्रेंच वळणाची आडनावं सर्रास सापडतात. ती ‘ह्युगनॉट वारशा’च्या गौरवात क्वचितच मोजली गेली, आणि हा मोठाच अन्याय आहे.

त्याचं मूळ नाव ‘ला ब्युस्कान्य’ असं काहीसं उच्चारलं जात असणार. पुढचं ‘ला’ पाहता ते जागेवरून पडलेलं दिसतं. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत रानाला ‘बोस्क’ म्हणतात. त्या कुळातला हा शब्द धरला तर नावाचा अर्थ ‘रानातला’, ‘रानवटीचा’ असा लागतो, आणि मला तो पटतो.

आता कारकुनाच्या टेबलाशी थोडं थांबू. त्याच्या कानावर ‘स्क’ पडलं. डच लिपीत त्या जागी ‘एस-सी-एच’ लिहायची सवय, शाळा आणि जहाज या शब्दांत लिहितात तशी. पुढचं ‘न्य’ फ्रेंच लोक ‘जी-एन’ असं लिहीत; ते त्याने कुठल्या तरी कागदावरून जसंच्या तसं उतरवलं. असं नावाचं मधलं हाड डच झालं आणि शेपूट फ्रेंच राहिलं. जुन्या नोंदींत हे आडनाव पाच-सहा तऱ्हांनी येतं. कुठे ‘एच’ नाही, कुठे मधे ‘आय’ घुसलेला, कुठे ‘एन’ आणि ‘जी’ची अदलाबदल. भावाभावांची नावंही एका वळणाने लिहिलेली नसतात.

इतर कित्येक फ्रेंच आडनावांचं असं झालं नाही. ती पूर्ण डच तोंडवळ्याची झाली. नूर्त्येचं नॉर्क्ये, क्रोन्येचं क्रोन्ये, सेनेशालचं सेनेकाल, व्हिलियोंचं फिल्युन, पिनारचं पिनार, रूसोचं रोसौ. अक्षरं बदलली, पण उच्चाराशी जुळती राहिली. क्रोन्ये या नावावर आपल्याकडे २००० साली एवढा गदारोळ झाला, पण ते कसं म्हणायचं यावर कधी वाद झाला नाही. या एका नावात मात्र दोन भाषांच्या किल्ल्या एकाच कुलपात अडकून बसल्या. दोन पिढ्यांनंतर फ्रेंच विसरलेल्या नातवंडांनी ते स्वतःच्या भाषेच्या नियमाने वाचायला सुरुवात केली. ‘जी’ घशातून ‘ख’, शेवटचा ‘ई’ स्पष्ट. झालं ‘लाबुस्काख्नी’. आफ्रिकान्स, म्हणजे केपमध्ये डचपासून घडलेली भाषा, बोलणारी माणसं आजही असंच म्हणतात.

१९२५ मध्ये आफ्रिकान्सला अधिकृत दर्जा मिळाला, त्याच्या आगेमागे तिचं शुद्धलेखनही ठरलं. शाळेतला ‘एस-सी-एच’ जाऊन साधा ‘एस-के’ आला. आडनावांना कुणी हात लावला नाही. भाषेने टाकून दिलेलं वळण नावाने असं जपून ठेवलं. १९४८ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सहूकला ह्युगनॉटांचं स्मारक उघडलं आणि दीडेक महिन्यात वर्णभेदाचं राजकारण करणारा पक्ष सत्तेवर आला. फ्रेंच पूर्वज असणं ही तेव्हा मिरवायची गोष्ट होती. काही घराण्यांनी शेवटच्या ‘ई’वर तिरपी मात्रा चढवली. फ्रेंच नजरेला ती मात्रा आठवण वाटेल. पण मूळ उच्चारात तिथे ‘ए’ नव्हताच. ती मात्रा आफ्रिकान्स उच्चार सांभाळते, फ्रेंच नव्हे.

पसरण्याचा इतिहास जमिनीच्या मागे जातो. केपच्या द्राक्षमळ्यांत सगळ्या मुलांना समान वाटा मिळे, त्यामुळे मळे अपुरे पडत. मग कित्येक जण गुरं घेऊन पूर्वेला आणि उत्तरेला सरकत. १८३५ नंतर बैलगाड्यांचे तांडे ऑरेंज आणि व्हाल नद्यांपलीकडे गेले, त्यांच्याबरोबर हे नावही. ते नकाशावर उतरलं हे नक्की: ईस्टर्न केपमधल्या डॉर्ड्रेख्टजवळच्या घाटाला ‘लाबुस्काख्नीची खिंड’ म्हणतात. ४ मार्च १९०० ला तिथे ब्रिटिश आणि बोअर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणारे गोरे शेतकरी, लढले. एखाद्या घाटाचं नाव आपण जसं घेतो तसं तिथले लोक हे नाव घेतात, एका कुटुंबाचं म्हणून आता कुणाच्या मनातही येत नाही.

त्या युद्धाने बोअर समाजाची उलथापालथ केली. शेतं जाळली गेली. छावण्यांमध्ये सुमारे २८ हजार बोअर मेले, त्यात बहुतेक लहान मुलं. पकडलेल्यांपैकी पंचवीस हजारांच्या आसपास माणसं समुद्रापार पाठवली: सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, त्यांची छावणी होती. आमच्या गावाकडची म्हातारी माणसं ‘बोअर’ हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकल्याचं सांगत. दाढीवाले, तंबाखू ओढणारे, लाकडाची खेळणी कोरणारे गोरे कैदी. १९०२ नंतर बहुतेक परतले. उजाड शेतांवर निभाव न लागलेले कित्येक जण खाणींच्या आणि रेल्वेच्या गावांत गेले. सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यात हे आडनाव पोचलं ते बहुधा यामुळे. क्लर्क्सडॉर्प त्याच पट्ट्यात येतं.

वंशावळीच्या नोंदी तिथे मोठ्या नेमाने ठेवल्या जातात. मूळपुरुषाला ‘ए’, त्याच्या मुलांना ‘बी-१’, ‘बी-२’, नातवंडांना ‘सी’. आपल्या कुलवृत्तांतांसारखंच, फक्त गोत्राच्या जागी शेताचं नाव. एकाच मूळपुरुषाची ही सगळी पिलावळ. आजोबांचं नाव नातवाला द्यायची चाल असल्याने तीच चार-पाच नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि अक्षरं दगा देतात तिथे ही क्रमांकाची खूणच कामाला येते.

१९९४ मध्ये राजवट बदलली. त्याच्या आधीपासून, आणि नंतर जास्तच, दक्षिण आफ्रिकेतून माणसं बाहेर पडू लागली. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले सुमारे १ लाख ८९ हजार जण होते. आपला फलंदाज दहा वर्षांचा असताना, २००४ मध्ये, वडिलांच्या खाणउद्योगातल्या नोकरीमुळे ते कुटुंब तिकडे गेलं. घरात आफ्रिकान्स. नव्या शाळेतल्या हजेरीपटावर तीच अकरा अक्षरं पुन्हा एका परक्या डोळ्यासमोर आली. इंग्रजी डोळ्याला ‘एस-सी-एच’ म्हणजे ‘श’ वाटतो. शेवटची सहा अक्षरं, सी-एच-ए-जी-एन-ई, शॅम्पेनच्या बाटलीवर थोडी ओळखीची दिसतात. म्हणून ‘शेन’. तीनशे वर्षांनी नाव अर्धंमुर्धं फ्रेंच वळणाने वाचलं गेलं ते असं, इंग्रजांच्या दारूच्या दुकानातून.

तो उच्चार त्या कुटुंबाने चालू दिला. तो चुकीचा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माणसाच्या नावाचा उच्चार त्याचा तोच ठरवतो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं इंग्रज कारकुनाने ‘एस-सी’ लावून जे केलं, ते आज हिंदीत ‘सिंधिया’ झालं आहे आणि ते कुटुंबही तसंच सही करतं. साताऱ्याकडचा शिंदे त्यामुळे खोटा ठरत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रवासात सर्वांत बोलकी जागा जपान आहे. २०१९ च्याच सप्टेंबरात, लॉर्ड्सनंतर सहा आठवड्यांनी, रग्बी विश्वचषकात जपानने आयर्लंडला १९–१२ असं हरवलं. त्या दिवशीचा जपानी कर्णधार प्रिटोरियात जन्मलेला, आणि आडनाव हेच, तिरप्या मात्रेसकट. परकी नावं लिहायची जपानी लिपी आपल्या लिपीसारखी आवाज लिहिते, अक्षरं नाही. त्यांनी कर्णधाराला विचारून लिहिलं असावं, कारण तिथे छापून येतं ‘राबुसुकाफुनी’. लाबुस्काख्नीचा अगदी जवळचा उच्चार.

आमच्या कार्यालयात तेव्हा ती बातमीही माझ्याच हाती आली होती. त्याचं रूप मी क्रिकेटवाल्याच्या रूपाशी जुळवून ‘लाबुशेन’ असं छापलं. आता नावांच्या आमच्या वहीत दोन वेगळ्या ओळी आहेत: क्रिकेट, ऑस्ट्रेलिया – लाबुशेन, रग्बी, जपान – लाबुस्काख्नी. नव्या उपसंपादकाला दोन्ही ओळी वाचून दाखवतो आणि अकरा अक्षरं एकच आहेत हेही सांगतो.