रातकिडे थांबतात तेव्हा

कोकणातली रात्र कधी गप्प नसते. दिवेलागण झाली की आगरात रातकिड्यांची किरकिर सुरू होते, किनाऱ्यालगतच्या घरांत तिच्याखाली समुद्राची गाज असते, आणि थोड्या वेळाने दोन्ही ऐकू येईनाशी होतात, इतकी त्यांची सवय होते. पण कुंपणाच्या कडेला पाऊल वाजलं की तिथले रातकिडे गप्प होतात, कारण जमिनीची थरथर त्यांना आधी कळते. ओटीवर बोलत बसलेला माणूस वाक्य अर्धवट सोडून तिकडे बघतो. भयपटाच्या ट्रेलरचं निम्मं तंत्र एवढ्यात आलं.

दोन-अडीच मिनिटांत पात्रांविषयी जिव्हाळा वाटायला सवड नसते, म्हणून ट्रेलरला थेट शरीरावर काम करावं लागतं. त्याचं पहिलं हत्यार म्हणजे शांतता, आणि ती तयार करावी लागते. साउंड ट्रॅक कोरा ठेवला तर प्रेक्षकाला मोबाइलचा आवाज गेला असं वाटतं. १५-२० सेकंद रातकिडे ऐकवायचे, कानाला ते मुरू द्यायचे, मग काढून घ्यायचे आणि मागे फक्त माजघराची घुम, म्हणजे गप्प खोलीचा स्वतःचा बारीक आवाज, ठेवायची.

हे बिघडतं ते शूटिंगच्या वेळीच. संवादाच्या माइकमध्ये रातकिडे शिरले की पुढे ते थांबवता येत नाहीत. अनेक रातकिड्यांचा सूर ४ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आणि आपल्या बोलण्यातले स, श, च यांचा स्पष्टपणाही बराचसा त्याच पट्ट्यात असतो. फिल्टर लावला की किड्यांबरोबर शब्दही बोथट होतात. कौलारू घरात खिडक्या लावूनही आवाज कौलांच्या फटींतून येतो, तेव्हा माइक बोलणाऱ्याच्या जवळ आणावा आणि फ्रेमबाहेर जाड घोंगड्या टांगाव्यात. प्रत्येक खोलीची घुम सगळ्यांनी गप्प उभं राहून किमान एक मिनिट वेगळी घ्यावी, आणि रातकिडे अंगणात वेगळे. समुद्राचंही असंच आहे. भरतीला घेतलेला शॉट ओहोटीच्या शॉटला जोडला की नेमकी कटवर गाज उडी मारते, आणि पडद्यावर भुतापेक्षा संकलकच जास्त जाणवतो.

आता धक्का. मोठा आवाज अचानक आला की मेंदूच्या देठातून थेट प्रतिक्षिप्त क्रिया होते. सुमारे ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटू लागतात, मानेचे आणि खांद्यांचे स्नायू आवळतात. २४ फ्रेमच्या चित्रपटात एक फ्रेम जवळजवळ ४२ मिलिसेकंदांची, म्हणजे पडद्यावर काय आलं हे ओळखण्याआधीच माणूस दचकलेला असतो. आवाज किती मोठा, इतकंच तो किती झटकन चढला हेही महत्त्वाचं. लांबून गडगडत आलेल्या ढगांनी आपण दचकत नाही, पडवीच्या पत्र्यावर नारळ पडला तर दचकतो. माणूस आधीच धास्तावलेला असेल तर मेंदूतला भीतीशी जोडलेला अमिग्डाला हा भाग ही क्रिया आणखी तीव्र करतो.

नवखे संकलक इथे एक चूक हमखास करतात. धक्क्याला अगदी चिकटून कडीची बारीक ‘खट्’ ठेवतात. मोठ्या आवाजाआधी साधारण ३० ते ३०० मिलिसेकंदांत हलका आवाज आला तर दचकणं कमी होतं. याला प्रीपल्स इन्हिबिशन म्हणतात. तीच ‘खट्’ दोन सेकंद मागे नेली तर ती वाट बघायला लावते. चढत जाणारा सूरही असाच: तो जिथे संपतो तिथेच धक्का दिला तर प्रेक्षक तयार बसलेला असतो. सूर तोडावा, अर्धा-पाऊण सेकंद काहीच होऊ देऊ नये, प्रेक्षकाने श्वास सोडला की मग धक्का द्यावा. आणि सगळ्या ट्रेलरमध्ये असे दोन, फार तर तीन धक्के. चौथ्याला शरीर सरावलेलं असतं.

धक्का भुताचाच हवा असंही नाही. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये रात्री एकटी चाललेली बाई मागे कुणीतरी असल्याच्या भीतीने घाबरते, आणि फिस्कारत येते ती बस. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून या युक्तीला ल्यूटन बस म्हणतात. रात्रीच्या शेवटच्या एसटीचे एअर ब्रेक ज्याने सुनसान फाट्यावर ऐकलेत, त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

किंकाळीचं शास्त्र वेगळं. २०१५ साली ल्यूक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली होते. हा खरखरीतपणा साध्या बोलण्यात जवळजवळ नसतो, आणि तो अमिग्डालाला जागं करतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर खोल घुमणारे आवाज नाहीसे होतात. हा खरखरीतपणा मात्र वरच्या सुरावर स्वार असल्यामुळे टिकतो. म्हणून मिक्स झालेला ट्रेलर मोबाइलवर ऐकल्याशिवाय हातावेगळा करू नये.

चित्रात कोकणाची एक खास अडचण आहे. रात्रीसाठी निळा प्रकाश टाकला की जांभ्याची लाल भिंत काळीठिक्कर पडते, कारण ती निळा प्रकाश फारच थोडा परत फेकते. भिंत पाण्याने भिजवून बाजूने कंदिलासारखा पिवळा उजेड दिला की तिचे खाचखळगे चमकतात, आणि दाराचा चौकोन खराखुरा अंधारा वाटतो. त्या चौकोनात काही दाखवू नये. आधी म्हातारीचा स्थिर चेहरा, मग ते दार: तिची भीती प्रेक्षक स्वतःच भरतो.

शेवटाकडे शॉट चार-पाच सेकंदांवरून आठ-दहा फ्रेमवर आणतात, मग काळा पडदा, नाव, तारीख. या काळ्या पडद्यावर रातकिडे परत सुरू करण्याचा मोह होतो. करू नये. ते सुरू झाले की कान समजतो, जे आलं होतं ते गेलं.