पर्सिस्टंट मेमरीत डेटा फ्लश करणे

प्रोग्रॅमने लिहिलेला डेटा संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतून हलवून, वीज गेली तरी टिकेल अशा जागी पोहोचवणे आणि तो तिथे पोहोचल्याची खात्री करून घेणे, याला फ्लश म्हणतात. ही जागा हार्ड डिस्क असेल, एसएसडी असेल किंवा रॅमच्याच स्लॉटमध्ये बसणारी पर्सिस्टंट मेमरी असेल. ऑपरेटिंग सिस्टिममधल्या फाइल सिस्टिमवर जी कामे सोपवलेली असतात, त्यांत हे सर्वांत जोखमीचे. बाकी कामात चूक झाली तर ती लगेच दिसते, फ्लशमधली चूक मात्र वीज जाईपर्यंत दडून राहते. इथली उदाहरणे मुख्यतः लिनक्समधली आहेत.

प्रोग्रॅमने ‘राइट’ ही सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला करायची विनंती, केली की कर्नेल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, तो डेटा रॅममधल्या पेज कॅशमध्ये (फाइलींचे तुकडे, म्हणजे पेजे, तात्पुरती ठेवण्याच्या जागेत) उतरवून घेते, त्या पेजवर ‘डर्टी’ अशी खूण करते आणि काम झाल्याचे सांगून मोकळी होते. डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ सेकंदांनी एक थ्रेड जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पेजे डिस्ककडे पाठवतो. म्हणजे ‘सेव्ह’ केलेली फाइल अर्धा मिनिट निव्वळ रॅममध्ये असू शकते. हा सौदा एरवी फायद्याचाच आहे. एकाच पेजवर शंभरदा लिहिले तरी डिस्कवर ते एकदाच जाते आणि क्षणभरासाठी जन्मलेल्या कित्येक फाइली डिस्कपर्यंत न पोहोचताच पुसल्या जातात. मात्र पैशांच्या व्यवहाराची नोंद अशी अधांतरी ठेवता येत नाही.

त्यासाठी ‘एफसिंक’ आहे. ही कॉल १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये आली. राइट म्हणजे पत्र पेटीत टाकणे, एफसिंक म्हणजे रजिस्टर पत्राची पोच हातात पडेपर्यंत खिडकीशी थांबणे. तिची धाकटी बहीण ‘एफडेटासिंक’ ही डेटा वाचायला लागणार नाही अशी माहिती, उदाहरणार्थ फाइल बदलल्याची वेळ, मागे ठेवते आणि तेवढा वेळ वाचवते. नवी फाइल बनवली असेल तर एक गोष्ट हमखास निसटते: फाइलचे नाव फाइलमध्ये नसते, डिरेक्टरीत असते. त्यामुळे डिरेक्टरीवरही एफसिंक करावे लागते. नाहीतर डेटा डिस्कवर सुखरूप, पण त्याच्याकडे नेणारे नावच नाही, असे होऊ शकते.

पोच मिळण्याला किंमत पडते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची असते. एकामागून एक व्यवहार, प्रत्येकाला वेगळे एफसिंक, अशा पद्धतीने सेकंदाला साधारण १२० च्या पुढे जाणे अशा डिस्कवर कठीण. म्हणून डेटाबेस अनेक व्यवहार गोळा करून सगळ्यांसाठी मिळून एकच फ्लश करतात. आपल्या मोबाइलमधल्या कितीतरी ॲपच्या पोटात असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस वेगळी तडजोडही देऊ करतो. ‘वॉल’ पद्धतीत, म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये नोंदवण्याच्या पद्धतीत, सिंक ‘नॉर्मल’ ठेवले तर प्रत्येक व्यवहाराला फ्लश होत नाही. वीज गेल्यास शेवटचे काही व्यवहार जातील, पण डेटाबेस मोडणार नाही. ही तडजोड प्रामाणिक आहे, कारण काय जाऊ शकते आणि काय जाणार नाही हे ती आधीच स्पष्ट सांगते.

कर्नेलने डेटा डिस्ककडे दिला म्हणजे तरी काम संपले का? नाही. ड्राइव्हच्या आतही रॅमचा कॅश असतो आणि डेटा तिथे पोहोचताच ड्राइव्ह होकार देतो. त्याला तो कॅश रिकामा करायला लावण्यासाठी एटीए, स्कझी आणि एनव्हीएमई या ड्राइव्हशी बोलण्याच्या तिन्ही पद्धतींत फ्लशचा वेगळा आदेश आहे. लिनक्समध्ये एफसिंक तो आदेश पाठवते. मॅकओएसवर साधे एफसिंक ड्राइव्हच्या कॅशपर्यंतच नेते, पुढची हमी हवी असेल तर ‘एफ-फुलएफसिंक’ मागावे लागते. सर्व्हरसाठीच्या महागड्या एसएसडींत कपॅसिटर बसवलेले असतात. वीज तुटली की त्यांत साठलेल्या ऊर्जेवर कॅशमधला डेटा फ्लॅशवर उतरतो, त्यामुळे तिथे फ्लश जवळजवळ फुकट पडतो. डेटाबेससाठी यंत्र घेताना हा खर्च टाळू नये.

पोहोचण्याइतकाच क्रमही महत्त्वाचा. जर्नल ठेवणारी फाइल सिस्टिम आधी बदलांची नोंद करते आणि मग ‘नोंद पूर्ण’ असा शिक्का मारते. शिक्का आधी आणि नोंद नंतर पोहोचली, आणि मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना कचराच खरा मानला जाईल. क्रमाचा हा प्रश्न २००९ मध्ये लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर चव्हाट्यावर आला. जुनी फाइल बदलताना नव्या नावाने लिहायचे आणि मग नाव पालटायचे, ही अनेक प्रोग्रॅमची रीत होती, पण त्यांतले बरेच मध्ये एफसिंक करत नसत. ईएक्सटी४ डेटासाठी ब्लॉक, म्हणजे डिस्कवरची जागा, उशिरा नेमून देते. त्यामुळे नाव पालटल्याची नोंद आधी डिस्कवर जाई, डेटा मागे राही, आणि यंत्र बंद पडले तर लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य लांबीच्या निघत. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचे मानक अशा वापराला कसलीच हमी देत नाही, एफसिंक करणे हे प्रोग्रॅमचे काम, अशी बाजू ईएक्सटी४ चे प्रमुख टेड त्सो यांनी मांडली. नियमाच्या भाषेत ते बरोबर होते. तरी त्यांनीच पुढे अशी नाव-पालट ओळखून डेटा आधी लिहायला लावणारी सोय २.६.३० कर्नेलमध्ये आणली. ते फार योग्य झाले, कारण ज्याची फाइल गेली त्याला मानकाचे कलम दाखवून उपयोग नसतो.

याहून खोल गफलत २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांना सापडली. एफसिंक अयशस्वी झाले तर काय, हा प्रश्न होता. डिस्कवर लिहिताना चूक झाली की लिनक्स ती कळवे, पण ते पेज त्यानंतर स्वच्छ मानले जाई. डेटाबेसने पुन्हा एफसिंक केले की ते यशस्वी होई, कारण लिहायला काही उरलेच नाही अशी कर्नेलची समजूत झालेली असे. डेटाबेस निर्धास्त होऊन आपला लॉग टाकून देई आणि मूळ डेटा कुठेच नसे. लिनक्स ४.१३ पासून चुका कळवण्याची यंत्रणा सुधारली होती, पण दुसऱ्या प्रयत्नावर भरवसा ठेवता येत नाही हे सत्य बदलले नाही. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेएसक्यूएल अशा वेळी जाणूनबुजून कोसळते आणि लॉगवरून नव्याने उभे राहते.

पर्सिस्टंट मेमरीने हे सगळे चित्र पालटले. इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या थ्रीडी क्रॉसपॉइंट तंत्रावर आधारलेली इंटेलची ऑप्टेन मोड्यूल २०१९ मध्ये बाजारात आली. प्रत्येकी १२८, २५६ किंवा ५१२ जीबीची ही मोड्यूल डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत. लिनक्समध्ये त्याआधीच, २०१५ च्या ४.० कर्नेलपासून, ‘डॅक्स’ ही सोय आली होती. डॅक्समध्ये पेज कॅश नसतो. प्रोग्रॅम फाइल मॅप करतो, म्हणजे ती आपल्या मेमरीचाच भाग असल्यासारखी जोडून घेतो, आणि प्रोसेसरच्या साध्या स्टोअर सूचनेने थेट माध्यमावर लिहितो, मध्ये सिस्टिम कॉल नाही की डिस्कचा ड्रायव्हर नाही.

इथेच घोडे पेंड खाते. स्टोअर केलेले मूल्य आधी प्रोसेसरच्या कॅशमध्ये बसते, ६४ बाइटांच्या लाइनमध्ये, आणि तो कॅश वीज गेली की पुसला जातो. कोणती लाइन कधी बाहेर पडेल हे प्रोसेसर स्वतः ठरवतो. म्हणून फ्लशचे काम कर्नेलकडून प्रोग्रॅमकडे आले. इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरांवर त्यासाठी तीन सूचना आहेत. जुनी ‘सीएलफ्लश’ लाइन बाहेर काढते, पण एकामागून एक, रांगेने. ‘सीएलफ्लशऑप्ट’ अनेक लाइन एकाच वेळी हाताळू देते. ‘सीएलडब्ल्यूबी’ लाइन लिहून काढते आणि तिची प्रत कॅशमध्ये राहू देऊ शकते, त्यामुळे पुढचे वाचन महाग पडत नाही. शेवटच्या दोघींनंतर ‘एसफेन्स’ द्यावी लागते, तोवर क्रमाची हमी नाही. मोठा डेटा लिहायचा असेल तर कॅशला बगल देणाऱ्या नॉन-टेम्पोरल स्टोअर सूचना बऱ्या. आर्म प्रोसेसरांवर हेच काम ‘डीसी सीव्हीएपी’ करते, ती आर्मव्ही८.२ मध्ये आली.

डेटा माध्यमात खरोखर शिरल्याची पोच देणारी ‘पीकमिट’ ही आणखी एक सूचना इंटेलने योजली होती, पण २०१६ मध्ये मागे घेतली. मेमरी कंट्रोलरच्या रांगेत आलेला डेटा वीज गेल्यावरही साठलेल्या ऊर्जेवर उतरवला जाईल, ही ‘एडीआर’ नावाची सोय पर्सिस्टंट मेमरीच्या प्लॅटफॉर्मवर सक्तीची ठरल्याने तिची गरज उरली नाही. २०२१ च्या सर्व्हर प्रोसेसरांबरोबर आलेल्या ‘ईएडीआर’ने ही हद्द प्रोसेसरच्या कॅशपर्यंत वाढवली. तिथे फ्लशची सूचना लागत नाही, मात्र क्रम राखण्याची जबाबदारी प्रोग्रॅमवरच राहते.

लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीचा पत्ता (पॉइंटर) ठेवते अशा यादीत, एक नोड म्हणजे नवी नोंद जोडायची आहे असे समजा. आधी नोड लिहायचा, तो फ्लश करायचा, फेन्स द्यायची, मगच त्याच्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर लिहायचा आणि तोही फ्लश करायचा. मधली फेन्स वगळली तर पॉइंटर आधी पोहोचून नोड मागे राहू शकतो. सरळ जुळलेले ८ बाइटांचे स्टोअर अर्धवट राहत नाही, त्याहून मोठे काहीही मध्ये तुटू शकते. म्हणून मोठे बदल लॉगच्या आधारे किंवा नवी प्रत लिहून शेवटी एक पॉइंटर फिरवून करतात. नेहमीच्या चाचणीत अशी चूक दिसत नाही, कारण चालू यंत्रावर सर्व कोअरना ताजेच मूल्य दिसते. ती शोधण्यासाठी ‘पीमेमचेक’सारखी साधने वापरावी लागतात. सूचना हाताने लिहिण्यापेक्षा इंटेलच्या पीएमडीके लायब्ररीतले ‘पीमेम पर्सिस्ट’ वापरणे शहाणपणाचे.

फाइल सिस्टिम मात्र यातून पूर्ण सुटत नाही. प्रोग्रॅमने स्वतःचा डेटा फ्लश केला, पण त्या जागेसाठी फाइल सिस्टिमने नुकताच नेमलेला ब्लॉक जर्नलमध्ये पक्का झालेला नसेल, तर वीज गेल्यावर डेटा माध्यमावर असूनही फाइलला त्याचा पत्ता नसतो. २०१८ च्या आरंभी आलेल्या लिनक्स ४.१५ मधले ‘मॅपसिंक’ याचसाठी. ते मागितले की नव्या पेजवर पहिल्यांदा लिहिताना फाइल सिस्टिम आधी आपली नोंद पक्की करते, मगच प्रोग्रॅमला पुढे जाऊ देते. ईएक्सटी४ आणि एक्सएफएसवर ते चालते. जिथे ते शक्य नाही तिथे मॅप करण्याची विनंतीच फेटाळली जाते. हा निर्णय मोलाचा आहे, कारण गुपचूप दुर्लक्ष झाले असते तर प्रोग्रॅम खोट्या भरवशावर चालला असता. मॅपसिंक न वापरणाऱ्याने पूर्वीप्रमाणे एमसिंक (मॅप केलेल्या भागासाठीचे एफसिंक) किंवा एफसिंक करावे. विंडोजमध्ये एनटीएफएसवर डॅक्सची सोय विंडोज सर्व्हर २०१६ पासून आहे.

जुन्या फाइल सिस्टिमना डॅक्स जोडण्याऐवजी नव्याने रचलेल्याही झाल्या: मायक्रोसॉफ्ट रिसर्चची बीपीएफएस (२००९), इंटेलची पीएमएफएस (२०१४) आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली नोव्हा (२०१६). नोव्हामध्ये प्रत्येक फाइलचा स्वतंत्र लॉग असतो, त्यामुळे एका जर्नलपाशी सगळ्यांची गर्दी होत नाही.

मायक्रॉन २०२१ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंटमधून बाहेर पडली आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. डॅक्स आणि मॅपसिंक मात्र कर्नेलमध्ये टिकून आहेत. टिकाऊ मेमरी आता सीएक्सएल या, प्रोसेसरला मेमरी आणि उपकरणे जोडणाऱ्या जोडणीच्या पलीकडेही बसू शकते. त्यासाठी सीएक्सएल २.० मध्ये ‘ग्लोबल पर्सिस्टंट फ्लश’ नावाची सोय आहे. वीज जाण्याची चाहूल लागली की होस्ट, म्हणजे मुख्य संगणक, आधी प्रोसेसरांच्या कॅशमधला डेटा बाहेर काढवतो आणि मग उपकरणांना आपापले बफर टिकाऊ माध्यमावर उतरवायला सांगतो. त्याला किती वेळ आणि किती ऊर्जा लागेल, हे उपकरणाने आधीच कळवून ठेवायचे असते.