एक युनिट विजेला किती पाणी लागतं?

२०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं थर्मल बंद पडलं, ११३० मेगावॅटचं, आणि कारण कोळसा नव्हता तर पाणी होतं, खडका बंधारा कोरडा पडला होता. विजेला एवढं पाणी कशाला लागतं हा प्रश्न तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा पडला असेल.

तर होतं असं की कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, मग तीच वाफ थंड करून तिचं परत पाणी करायचं. हे पाणी आतल्या आत फिरत राहतं, जास्त खर्च होत नाही. पण त्या वाफेला थंड करायला जे दुसरं पाणी लागतं त्यातलं बरंच कूलिंग टॉवरमधून हवेत उडून जातं. लांबून त्या अवाढव्य टॉवरमधून पांढरं पांढरं निघताना दिसतं ना, तो धूर नाही, ते आपल्या धरणातलं पाणी आहे! २०१५ मध्ये केंद्राने जुन्या प्लांटना जी मर्यादा घातली ती युनिटमागे साडेतीन लिटर, म्हणजे दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास लावला की तिकडे साडेतीन लिटरपर्यंत पाणी गेलं.

वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या अभ्यासात तर देशातल्या २० मोठ्या थर्मल कंपन्यांपैकी १४ कंपन्यांना २०१३ ते २०१६ मध्ये एकदा तरी पाण्यापायी प्लांट बंद ठेवावा लागल्याचं दिसलं. कोराडीला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

सोलरला मात्र पॅनल धुण्यापुरतंच पाणी लागतं, मग प्रश्न मिटला का? नाही. संशोधक आता उलट्या बाजूनेही बघतायत, पाणी उपसायला किती वीज लागते. ६०० फुटांवरून हजार लिटर पाणी वर आणायला, पंपाची एफिशियन्सी ५० टक्के धरली तर, साधारण एक युनिट लागतं, आणि सोलर पंपाला ते युनिट फुकट, मग ऊन आहे तोवर मोटार कोण कशाला बंद करेल, भूजल खाली जाणारच. यावर गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सोलर पंपांची सहकारी संस्था काढली, पंप ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडले, उरलेली वीज कंपनीला विकायला लागले, म्हणजे पाणी उगाच उपसण्यापेक्षा वीज विकून दोन पैसे सुटतात. आपल्याकडे सोलर पंप धडाधड बसतायत पण बहुतेक ग्रिडला जोडलेलेच नाहीत, म्हणजे शेतकऱ्याने मोटार बंद ठेवली तरी त्याच्या हातात काहीच पडत नाही.