बारा व्होल्ट दिसतात, पण पोचत नाहीत

जुन्या गाड्यांमध्ये भुताटकीसारखा एक प्रकार पाहायला मिळतो. डावा इंडिकेटर दिला की मागचा डावा दिवा धड पेटत नाही, पण दोन्हीकडचे ब्रेक लाईट मात्र अंधूक लालसर लुकलुकू लागतात. ब्रेकवर पाय नसतानाही. मालक आधी बल्ब बदलतो, मग इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलतो, मग कोणीतरी सुचवतं की मागचं सगळं वायरिंगच नवीन टाका. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेला असतो तो दिव्यांच्या खोक्यापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत जाणारा वीतभर लांबीचा अर्थ (इंग्रजीतला ‘earth’, म्हणजे परतीची वायर), किंवा त्याच्या टोकाचा गंजलेला स्क्रू.

गाडीत बहुतेक उपकरणांना बॅटरीच्या प्लसकडून येणारी वायर असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचा मायनस जाड वायरीने बॉडीला जोडलेला असतो आणि प्रत्येक दिवा, हॉर्न, मोटर जवळच कुठेतरी बॉडीला टेकवलेली असते. मागच्या खोक्यात इंडिकेटर, ब्रेक आणि टेल या तिन्ही बल्बांचा अर्थ बऱ्याच गाड्यांमध्ये एकच असतो. तो तुटला की इंडिकेटरच्या फिलामेंटमधून आलेला करंट पुढे जाऊ शकत नाही. मग तो शेजारच्या ब्रेकच्या बल्बमध्ये उलट्या बाजूने शिरतो, ब्रेकच्या वायरीतून गाडीच्या उजव्या बाजूला जातो आणि तिकडच्या ब्रेकच्या बल्बमधून, तिकडच्या शाबूत अर्थने, बॅटरीकडे परततो. (थोडा टेल लाईटमधूनही जातो, तो हिशेब इथे सोडून देऊ.) म्हणजे २१ वॅटचे तीन बल्ब नकळत एका माळेत जोडले गेले. १२ व्होल्ट तिघांत वाटले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला ढोबळमानाने चार आले.

चार व्होल्टवर बल्ब एक तृतीयांश उजेड द्यायला हवा, असं वाटेल. तसं होत नाही. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज एक तृतीयांश झालं की उजेड दोन-तीन टक्क्यांवर येतो, म्हणून ती अंधूक लाली. हाच नियम हेडलाईटलाही लागू आहे: तिथे व्होल्टेज फक्त १० टक्के कमी झालं तरी जवळपास ३० टक्के उजेड जातो. रात्री घाटात ‘हल्ली डोळे कमजोर झालेत’ म्हणणाऱ्या कित्येकांनी आधी गाडीचा चष्मा तपासायला हवा.

नव्या गाडीत बिघाड शोधणं आणि पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत शोधणं यात इथेच फरक पडतो. म्हाताऱ्या गाडीत वायर सहसा तुटत नाही आणि करंट सहसा पूर्ण थांबत नाही. वाटेत कुठेतरी थोडा रोध वाढलेला असतो. १८२७ साली जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी मांडलेला नियम शाळेत पाठ केलेला असतो: रोधातून करंट वाहिला की त्या रोधावर व्होल्टेज खर्च होतं, आणि ते करंट गुणिले रोध इतकं असतं. जुन्या गाडीचं वायरिंग तपासायला एवढं एक सूत्र पुरतं.

मारुती ८०० सारखी साधी गाडी घेऊ. ६० वॅटचे दोन हेडलाईट मिळून साधारण १० अँपिअर घेतात. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) नसतो. त्या स्विचचे पॉइंट झिजून ०.१ ओहम रोध तयार झाला असं समजा. दहा अँपिअर गुणिले ०.१, म्हणजे एक व्होल्ट तिथेच खर्च, आणि चौथाई उजेड गेला. शिवाय तो एक व्होल्ट गायब होत नाही, त्याची उष्णता होते: १० वॅट, तीही प्लॅस्टिकच्या बंद खोक्यातल्या मुगाएवढ्या जागेत. स्विच मऊ होतो, पॉइंट आणखी सैल होतात, रोध आणखी वाढतो. एकेकाळी आपल्याकडे १००/९० वॅटचे हॅलोजन बसवायची जी साथ आली होती, तिने असे किती स्विच वितळवले असतील त्याचा हिशेब नाही.

आता मीटरकडे. काहीशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घरी असतो, म्हणून आपण हेडलाईटचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, काढतो, त्यात मीटरची टोकं घालतो. मीटर म्हणतो १२.४. आपण निष्कर्ष काढतो की सप्लाय ठीक आहे. इथेच माणूस दिवसभरासाठी चुकीच्या वाटेला लागतो.

मीटर खोटं बोलत नाही, पण तो करंट जवळजवळ घेतच नाही. चांगल्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध १ कोटी ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे १२ व्होल्टला तो एका अँपिअरचा दहालाखावा हिस्सा, फार तर त्याहून किंचित जास्त करंट ओढतो. मध्ये गंजाचा १,००० ओहमचा अडथळा असला तरी एवढ्याशा करंटने त्यावर एक-दीड मिलिव्होल्टच खर्च होतात. मीटर १२.४ च दाखवणार. गंजून चोंदलेल्या पाइपाचा नळ बंद असतो तोपर्यंत दाब पूर्ण भरतो, नळ उघडला की धार करंगळीएवढी येते, तसंच हे.

मग रोधच मोजावा म्हटलं, तर तिथेही मीटर तोकडा पडतो. स्वस्त मीटरच्या दोन वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम भरतो. त्यात आपल्याला शोधायचा ०.१ ओहम कसा दिसणार? आणि थंड बल्बचा रोध मोजून गोंधळात पडू नका. १२ व्होल्टचा ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना २.४ ओहमचा असतो, विझलेला असताना त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. मीटरवर तो शॉर्ट झाल्यासारखा दिसतो. तो शॉर्ट नसतो, टंगस्टन थंड असतं इतकंच.

तेव्हा उपाय असा, की जे उपकरण रुसलंय ते चालू ठेवूनच मोजायचं. हेडलाईट लावा. मीटर व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटाला, क्लॅम्पला नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटाला. दुसरं टोक बल्बच्या मागच्या प्लस पिनला, कपलर जोडलेला असताना, मागून. मीटरवर जो आकडा येईल तो म्हणजे बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या अख्ख्या वाटेत खर्च झालेलं व्होल्टेज. आदर्श गाडीत तो शून्य असता, खऱ्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या आत असला तर तक्रार नाही. तो १.५ आला तर चोर याच वाटेवर आहे, आणि त्याला गाठायला बल्बकडचं टोक मागे मागे आणायचं: रिले असेल तर रिलेनंतर, स्विचनंतर, स्विचआधी, फ्यूजनंतर, फ्यूजआधी. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम कोसळतो, त्यांच्या मध्ये बिघाड. मग हेच मायनसच्या बाजूला: एक टोक बल्बच्या अर्थ पिनला, दुसरं बॅटरीच्या मायनस खुंटाला. अर्थचा एखादा सांधा ०.१ व्होल्टपेक्षा जास्त खात असेल तर तो उघडून पॉलिश पेपरने घासायला हरकत नाही. या पद्धतीचं मला सगळ्यात आवडतं ते हे की काही सोडावं लागत नाही, कापावं लागत नाही. जुना ठिसूळ कपलर उगाच ओढून नवा बिघाड तयार होत नाही.

स्टार्टरच्या, म्हणजे सेल्फच्या, बाबतीत हे सगळं दहापट मोठं होतं. छोट्या गाडीचा सेल्फ शंभरेक अँपिअर सहज ओढतो, त्यामुळे ०.०२ ओहमसुद्धा महाग पडतात: १०० अँपिअरला दोन व्होल्ट गेले. किल्ली फिरवली की नुसतं ‘कट-कट-कट’ ऐकू येतं, त्यामागेही हेच असू शकतं. सेल्फचा सोलेनॉइड (चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच) आत ओढला जातो, मोटरला करंट मिळतो, त्या भाराने व्होल्टेज इतकं पडतं की सोलेनॉइडलाच धरून ठेवायला बळ उरत नाही, तो सुटतो. भार गेला, व्होल्टेज वर आलं, पुन्हा ओढला जातो. बॅटरी उतरली असली तरी हेच होतं आणि टर्मिनलवर पांढरा थर जमला असला तरी हेच. नवी बॅटरी घेण्याआधी दोन मोजमापं करावीत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर खुंटांवर १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १०.५ च्या जवळ येऊन अडली असेल तर सहापैकी एक सेल गेला आहे, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा. मग सेल्फ मारताना कोणालातरी खुंटांवर मीटर धरायला सांगा. तिथे आकडा साडेनऊच्या वर टिकतोय आणि तरी इंजिन जेमतेम फिरतंय, तर पैसे बॅटरीवर घालवू नका, वाट तपासा.

त्या वाटेवरचा एक तुकडा नेहमी विसरला जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची पट्टी किंवा जाड वायर असते. ती कुजली, किंवा क्लचचं काम झाल्यावर परत लावायची राहिली, तर सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची किंवा क्लचची पोलादी केबल. चार-सहा वेळा सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली, किंवा वर्षात दुसऱ्यांदा जळून अडकली, तर केबलचा दोष काढण्याआधी ती पट्टी पाहा. हेडलाईट लावल्यावर तापमानाचा काटा वर सरकत असेल तरी संशय अर्थवरच घ्यावा.

पण हे सांधे म्हातारे होतात कसे? गंज हे अर्धं उत्तर. कोकणात, गोव्यात खारी हवा आणि चार महिने ओल. तांब्यावर हिरवा थर येतो आणि ओल्या कपलरमध्ये शेजारशेजारच्या पिनांमध्ये चक्क विद्युत अपघटन सुरू होतं, त्यात प्लसची पिन हळूहळू विरघळते. म्हणून कपलर उघडल्यावर नेमकी एकच पिन खाल्लेली दिसते.

दुसरं उत्तर कोरड्या हवेतही लागू पडतं आणि ते फारसं माहीत नसतं. कपलरच्या पिनांना बहुधा कथलाचा मुलामा असतो. गाडीच्या थरथरीने दोन पिना एकमेकींवर काही मायक्रोमीटर घासत राहतात. प्रत्येक घासण्याने कथलाचा ताजा पृष्ठभाग उघडा पडतो, त्याचं ऑक्साइड बनतं, ते खरवडून निघतं आणि तिथेच साचतं. वर्षानुवर्षं हे चाललं की धातू आणि धातूच्या मध्ये ऑक्साइडची भुकटी बसते, जी वीज वाहू देत नाही. वरून पाहिलं तर पिन लख्ख. कपलर काढून परत लावला की भुकटी बाजूला होते आणि सगळं सुरळीत चालू लागतं, काही महिन्यांसाठी. ‘नुसतं हलवलं आणि चालू झालं’ हे जे ऐकू येतं त्यात जादू नाही आणि दुरुस्तीही नाही. पिन चिमट्याने किंचित आवळली, पिना साफ करणारा स्प्रे मारला, नाहीच जमलं तर बदलली, तरच ते टिकतं.

याशिवाय इंजिनच्या उष्णतेने वायरीच्या पीव्हीसीतलं मऊपणा देणारं द्रव्य निघून जातं आणि आवरण काचेसारखं तडकतं; पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येतात; आणि आधीच्या मालकाने टेपने गुंडाळून जोडलेलं सेंट्रल लॉकिंग, रिव्हर्स हॉर्न, म्युझिक सिस्टिम असतेच. माझा अनुभव विचाराल तर कंपनीच्या वायरिंगपेक्षा टेपखाली आधी पाहावं.

शेवटची तक्रार म्हणजे रात्रीत उतरणारी बॅटरी. डिकीचा ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला तर ०.४ अँपिअर खातो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्याने साडेतीन दिवसांत संपते, सेल्फपुरता जोर तर त्याच्या बराच आधी जातो. गाडी बंद, दरवाजे बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो. जास्त आहे का हे पाहायला मायनसचा क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मध्ये जोडतात. या जोडणीत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, आणि नंतर मीटरची वायर व्होल्टच्या भोकात परत घालायला विसरायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीवर टेकवताच मीटरमधूनच शॉर्ट. मग एकेक फ्यूज काढत जायचं. आकडा ज्या फ्यूजला पडला ती ओळ धरायची.

फ्यूज न काढताही जमतं. फ्यूजलाही काही मिलिओहम रोध असतोच. त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टला लावला आणि शून्याऐवजी काहीही दिसलं, तर त्यातून करंट वाहतोय. पुन्हा तोच ओहम. सगळे फ्यूज काढूनही गळती थांबली नाही तर अल्टरनेटरकडे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे वळावं, कारण त्याची जाड वायर पेटीतल्या छोट्या फ्यूजांमधून न जाता बॅटरीला मिळते, आणि करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला एखादा डायोड फुटला की बॅटरी गाडी उभी असतानाच अल्टरनेटरमध्ये रिकामी होते. ती वायर सोडून पाहिली की खात्री पटते. सोडायच्या आधी बॅटरीचा मायनस काढलेला असावा.

मायनस आधी का, तर पाना प्लसवर असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तरी मायनस सुटलेला असल्याने वाट पूर्ण होत नाही. उलट क्रमाने केलं तर १२ व्होल्टचा झटका बसणार नाही, पण शेकडो अँपिअरने पाना लाल होईल, बोटात अंगठी असेल तर तीही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ठिणगी तिच्यापासून लांबच हवी. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणाऱ्यांशी मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या गाडीशेजारी आपली लावू नये. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणातल्या वायरींना मीटरही लावायचा नाही. आणि दोन वायरी व बल्ब जोडून केलेला टेस्ट लॅम्प हेडलाईट-हॉर्नसाठी मीटरपेक्षा भरवशाचा, कारण तो खरोखर करंट ओढतो, पण नेमक्या त्याच कारणाने इंजिनच्या कॉम्प्युटरच्या ५ व्होल्टच्या सेन्सर वायरींवर तो वापरता येत नाही. तिथे मीटरच लावावा.